सावळीरामचं पान

मोतीरामची खरी पंगत हल्ली झोपेत बसायची. नाशकात द्वारकेच्या चौकापासून जरा आत त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कॉट. दुपारचं जेवण, म्हणजे त्या नावाखाली आता जे काही उरलं होतं ते, आटोपलं की तो तिथं आडवा व्हायचा. बाहेर नामपूरहून आलेले कांद्याचे ट्रक हॉर्न मारत असायचे, क्लीनर एकमेकांना शिव्या घालत असायचे, आणि त्या गोंगाटाच्या खालून हळूहळू पाणी वर यायचं. त्याच्या गावच्या, सायखेड्याच्या घाटाखालची गोदावरी, संथ, हिरवट. त्या पाण्यावर केळीची पानं मांडलेली असायची, या काठापासून त्या काठापर्यंत. माणसं पाण्यावरच मांडी घालून बसलेली, आणि त्याचं कुणालाही नवल वाटत नसे. खीर निवायची नाही. पान बुडायचं नाही. हातात बादली घेऊन वाढायला कोण, तर मोतीराम.

त्याला कुणी "तूही बस" म्हणायचं नाही. पहिल्याच पानावर सावळीराम असायचा, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, गेल्या कार्तिकात गेलेला. कुरडई खिरीत चुरून खायची त्याची जुनी खोड मेल्यावरही सुटली नव्हती. तो बोलायचा नाही. नुसतं बोटानं पानाकडे दाखवायचा, म्हणजे अजून वाढ. मोतीराम वाढायचा. पुन्हा बोट. पुन्हा खीर. जाग यायची तेव्हा मोतीरामची उशी लाळेनं ओली झालेली असायची आणि मनात सावळीरामबद्दल चक्क हेवा असायचा. मेलेल्या माणसाचा हेवा करणारा दुसरा कुणी निदान नाशकात तरी नसेल.

आता हा मोतीराम पूर्वी काय चीज होता ते सांगायला हवं. सायखेड्यात पितृपक्षात एक रीत आहे. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं गावातल्याच एखाद्याला जेवायला बोलावतात, त्याचे पाय धुतात, गंध लावतात, पाटावर बसवतात. त्या दिवसापुरता तोच त्या घरचा पित्तर. तो जेवला की गेलेला जेवला. तो "भरलं" म्हणेपर्यंत घरातलं कुणी तोंडात घास घालत नाही. आणि या कामी मोतीरामसारखा पित्तर पंचक्रोशीत नव्हता. तो पानावर बसला की वाढणाऱ्या बायकांची धांदल उडायची. वडे काय, कढी काय, डांगराची भाजी काय, आडवा हात मारायचा आणि शेवटी असा ढेकर द्यायचा की ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणवायचे. त्यांना वाटायचं, आपला बाप जेवून तृप्त झाला. खाण्यात कसलं आलंय मोठेपण, असं म्हणणारे म्हणोत बापडे. ज्यांच्या घरी मोतीराम जेवून उठला त्यांना विचारा.

नाशकात बस्तान बसलं तरी भाद्रपदात तो गावाकडं जायचाच. पण वजनही वाढत गेलं. गुडघे गेले, साखर आली, झोप बसूनच घ्यावी लागायला लागली. चतुराबाई, त्याची बायको, बोलून बोलून थकली. तेवढ्यात सावळीरामच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्याचं बरंचसं पोट कापून टाकलं, तरी दुखणं पुढं निघून गेलं. शेवटचे महिने लंकाबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याला चमच्याचमच्यानं पातळ खीर भरवली. तो गेला तेव्हा इतका हलका झाला होता की चौघांना तिरडीचं ओझंच वाटलं नाही. मोतीराम मात्र खांदा द्यायला पुढं झाला आणि दहा-बारा पावलांतच धापा टाकत खाली बसला. कुणीतरी त्याच्या जागी खांदा लावला. मित्राची तिरडी वळणावरून पुढं गेली आणि हा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिला. त्या दिवशी तो सावळीरामसाठी रडला की स्वतःसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

माघात त्यानं ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली. वजन ओसरलं, साखर उतरली, तो आडवा झोपू लागला. जेवायला चतुराबाईनं नातीच्या, इराच्या, उष्टावणाची छोटी वाटी काढून दिली. तेजश्री नावाची आहारतज्ज्ञ मुलगी होती, तिनं पहिल्याच भेटीत त्याला सगळं समजावलं होतं.

"काका, घास नखाएवढा. तोंडात पीठ होईपर्यंत चावायचा. आधी डाळ, पनीर, अंडं, मग बाकीचं. गोड नाही. जेवताना पाणी नाही, प्यायचं तर अर्ध्या तासानं. आणि पोट सांगेल तेव्हा थांबायचं."

"माझं पोट कधी काही बोलल्याचं आठवत नाही."

"आता बोलेल. कुणाला शिंक येते, कुणाचं नाक गळतं, कुणाला उचकी लागते. ती खूण आली की हात धुवायचा. त्यावर एक घास जरी घेतलात तरी भोगाल."

मोतीरामला उचकी लागायची. एकच, छोटी, लहान मुलासारखी. "कुणी आठवण काढली वाटतं," असं चतुराबाई म्हणायची आणि वाटी उचलून न्यायची.

"आणि काका," तेजश्री म्हणाली होती, "पोटाची भूक डॉक्टरांनी कमी केली. मनाची भूक कापता येत नाही. ती काही दिवस त्रास देईल." काही दिवस म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही. बहुधा तिलाही ठाऊक नव्हतं.

गावात मात्र मोतीरामनं यातलं काही कळू दिलं नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर रोज चालायला जातो, असं सांगून ठेवलं. लोकांनी कौतुक केलं. खाण्यासाठी जन्माला आलेला माणूस पैसे मोजून पोट कापून घेतो, हे सायखेड्याला सांगायचं कोणत्या तोंडानं?

भाद्रपद लागला आणि लंकाबाईचा फोन आला.

"भाऊजी, आवंदा ह्यांचं पहिलं पित्तर हाय. तुमीच बसायचं."

"वैनी, औंदा मला जरा..."

"दुसरं कुनी मला चालायचं नाय. ह्ये उपाशी गेले, भाऊजी. तुमी बघितलंय. दोन-चार चमचे पोटात गेले की तोंड फिरवायचे. वरीस होत आलं, माझ्या घशाखाली घास उतरत नाय. एकदा पोटभर जेवू द्या त्यांना. तुमच्या तोंडानं."

मोतीराम "येतो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"खरं सांगून टाका ना," चतुराबाई म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याचं पोट रोगानं कापलं आणि मी माझं चांगलंचुंगलं पोट आपणहून कापून घेतलं, असं?"

"खांदा देता आला नाही म्हणून कापून घेतलं, हे सांगा."

"ते तर त्याहून वाईट," मोतीराम म्हणाला आणि कूस बदलून पडला.

मूर्खपणाला वयाची अट नसते. पित्तराच्या आदल्या दिवसापासून मोतीरामनं काही खाल्लं नाही. पोट म्हणजे जणू ट्रकचा हौदा, माल उतरवला की जागा झाली! सकाळी सायखेड्याला जायला निघाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे द्राक्षाचे मळे पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. ऊन होतं, पण ते कुठंतरी दुरून आल्यासारखं. त्याला सारखं वाटत राहिलं की आपण कॉटवरच आहोत आणि आता कुणीतरी हातात बादली देईल.

लंकाबाईच्या अंगणात गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा घास जळत होता. पत्र्यावर ठेवलेलं कावळ्याचं पान केव्हाच शिवून झालं होतं. सायखेड्याचे कावळे लबाड, पंधरवडाभर वाटच पाहत असतात. रविराजनं, सावळीरामच्या मुलानं, मोतीरामचे पाय धुतले. धुताना तो म्हणाला, "काका, किती उतरलात! ओळखू येत नाय." मग त्यानं आतून घडीचा पांढरा सदरा आणला. सावळीरामनं शिवून घेतला होता, अंगाला लावायचा राहून गेलेला.

पूर्वी हा सदरा मोतीरामच्या एका दंडावर चढला नसता. आज तो बेतून शिवल्यासारखा बसला. टोपी घालून तो पाटावर पाठमोरा बसला, आणि स्वयंपाकघरातून भाताची मूद घेऊन आलेली लंकाबाई उंबऱ्यातच थबकली. सून निकिता मागून येत होती, ती तिच्या पाठीवर आदळली.

पान भरलं. मिठापासून सुरुवात झाली. लिंबू, कारलं, गवार, डांगर, भजी, आळूच्या वड्या, उडदाचे वडे, कढीची वाटी, भातावर वरण आणि तूप, तांदळाची खीर. खिरीच्या वाटीशेजारी कुरडई. मोतीरामनं पानाकडं पाहिलं आणि त्याला हुंदका यावा तसं झालं. एवढं सगळं, आणि आज हातात बादली नाही. आज आपण बसलोय.

पहिला घास त्यानं वरणभाताचा घेतला. किती वेळ चावला कुणास ठाऊक. तुपाचा वास थेट डोक्यात गेला, कान बंद झाले, घरामागून नदीचा आवाज येतोय असा भास झाला. दुसरा घास कढीत बुडवलेल्या वड्याचा. तिसरा खिरीचा. जिभेवर सगळं लहानपण आलं, घाटावरचं, दोघं मिळून एकाच पानावर जेवायचे तेव्हाचं. त्याचे डोळे आपोआप मिटले. वाटलं, आजच्यापुरतं पोट आपलं ऐकणार. एका दिवसासाठी तरी ऐकेल. त्यानं घाईनं वड्याचा मोठा तुकडा मोडला.

"वाढ गं निकिता, अजून वाढ," लंकाबाई म्हणत होती. "हात आखडू नको. भाऊजी, सावकाश. घाई नाय कसली."

आणि उचकी लागली. एकच, लहान मुलासारखी.

मोतीरामनं ती गिळून टाकली. कुणी ऐकली नसेल असं समजून त्यानं आणखी एक घास तोंडात घातला. तो घास छातीत जाऊन बसला तो हलेना. कपाळावर घाम फुटला. काळीज धडधडायला लागलं, तोंडात पाणी सुटलं, हात पानावरच थांबला. पान तर जेमतेम उष्टं झालं होतं. सगळं जिथल्या तिथं होतं.

लंकाबाईच्या हातातला खिरीचा डाव तसाच अधांतरी राहिला होता.

"ही उचकी," ती हळूच म्हणाली. "ह्यांना अशीच लागायची. एकच. दोन-चार चमचे झाले का लागायची आन् मग तोंड फिरवायचे. मी म्हणायची, कुणीतरी आठवण काढतंय तुमची, घ्या अजून येक चमचा." तिनं डाव पातेल्यात ठेवला. "तुमाला का लागली, भाऊजी?"

मोतीरामला आता खोटं बोलायला श्वासही नव्हता. त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, माघातलं ऑपरेशन, केळ्याएवढं पोट, नातीची वाटी. तिरडीमागं दगडावर बसून राहिलो तेही सांगितलं. "मी तुम्हाला फसवलं, वैनी. मला आज नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही त्याला पोटभर जेवू घालायला बोलावलं आणि मी पाच घासांचा माणूस. काल उपास केला, वाटलं जागा होईल. नाही झाली."

रविराज खाली बघत होता. निकितानं पदर तोंडाला लावला. लंकाबाई मात्र रागावली नाही. ती मोतीरामच्या समोर, पानाच्या पलीकडं, जमिनीवर बसली.

"मला येकच सांगा. आन् खरं सांगा, पित्तराच्या पाटावर बसलाय तुमी. येवढ्यात भरतं?"

"भरतं."

"माझ्या समाधानासाठी नका सांगू."

"वैनी, गळ्यापर्यंत भरतं. पूर्वी परातभर खाऊन उठायचो ना, तस्सं. उचकी लागली की पुढं भाताचं शीत जाईना. आता गेलं तर बघा काय हाल झालेत माझे."

"आन् भूक?"

"पोटाला नाही राहत."

लंकाबाईची नजर खिरीच्या वाटीवर गेली. "मला म्हणायचे, लंका, भरलं माझं. येवढुशी खीर आन् भरलं म्हणायचे. मला वाटायचं खोटं बोलतात. मला तरास नको म्हणून बोलतात. मी रडून येक चमचा जास्तीचा घालायची आन् त्यो उलटून पडायचा." तिनं वर पाहिलं. "म्हंजे भरत व्हतं. उपाशी नव्हते ह्ये."

"नव्हता, वैनी. त्याचं पोट माझ्यासारखंच होतं. उपाशी नव्हता गेला."

ती रडली. वर्षभर रडत आली होती त्यापेक्षा हे रडणं वेगळं होतं, ते घरातल्या सगळ्यांना कळलं. रविराज उठून तिच्याजवळ जाऊन बसला. पदरानं तोंड पुसून तिनं पुन्हा मोतीरामकडं पाहिलं.

"पोटाचं झालं. जिवाचं काय? जिवाला खावंसं वाटत आसंल का नाय?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पण अंगात सावळीरामचा सदरा होता.

"वाटतं, वैनी. लय वाटतं. ती भूक झोपेत जेवते." आणि मग त्यानं आजवर चतुराबाईलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. पाण्यावरची पानं, न निवणारी खीर, हातातली बादली. "तो रोज येतो माझ्याकडं. पहिल्या पानावर बसतो. मी वाढतो, तो जेवतो. पोट भरून जेवतो, मला हेवा वाटावा इतका."

"कुरडई चुरतात?"

"खिरीत."

लंकाबाईला रडता रडता हसू फुटलं. "सगळी खीर नासवायचे. मला लय राग यायचा त्याचा."

मोतीरामनं मग पाटावर नीट बसून, हात जोडून, घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "भरलं." घरातली पोरंटोरं, भाऊबंद, सगळे हलले. रविराज लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आला. "अर्ध्या तासानं," मोतीराम ओशाळून म्हणाला, आणि सगळे हसले. ते जवळजवळ अख्खं पान रविराजनं उचललं आणि गोठ्यात गाईपुढं ठेवलं.

पंगत बसली. मोतीराम ओसरीवर टेकला. छातीतला घास हळूहळू खाली सरकत होता. उन्हाचा एक पट्टा त्याच्या पायांवर पडला होता आणि कुठूनतरी गोवरीच्या धुराचा वास येत होता. त्याला कळायच्या आत पाणी वर आलं.

तीच गोदावरी, तीच पानं. सावळीराम पहिल्या पानावर. मोतीराम बादली घेऊन पुढं झाला आणि सवयीनं डाव बुडवला. पण आज सावळीरामनं बोट दाखवलं नाही. त्यानं दोन्ही पंजे पसरून पान झाकलं, पंगतीत बास म्हणताना झाकतात तसं. वर पाहिलं. त्याला उचकी लागली, एकच. मग तो पाण्यावरून उठला, हात धुतले आणि पानाच्या जागेकडं इशारा केला. ये, बस. मोतीरामनं बादली खाली ठेवली. ती तरंगत निघून गेली. तो बसला, पण त्याला काही वाढून घ्यावंसं वाटेना. नुसतंच बसून राहावंसं वाटलं, त्या ऊबदार पाण्यावर, मित्राच्या जागेवर.

भांड्याचा आवाज झाला आणि तो अर्धवट जागा झाला. सगळ्यांची जेवणं उरकली होती, आता आत बायका बसल्या होत्या. दार उघडं होतं. मोतीरामनं पापणी किलकिली केली. लंकाबाई भिंतीला टेकून जेवत होती. निकिता खिरीचं पातेलं घेऊन तिच्या पुढ्यात ओणवी झाली आणि नेहमीच्या सवयीनं, नाही म्हणणार हे गृहीत धरून, तिनं विचारलं, "आई, वाढू?"

लंकाबाईनं हात आडवा धरला नाही. पुढ्यातली कुरडई घेऊन तिनं रिकाम्या वाटीत चुरली आणि वाटी पुढं केली.

"वाढ," ती म्हणाली. "जरा जास्त वाढ."

डोळे उघडले तर ती लाजून हात आखडेल, म्हणून मोतीराम तसाच डोळे मिटून पडून राहिला.